मागचं ओझं आधी मोजा



या सदरात एरवी आपण वर्षाच्या साठवणीचं, पाहुण्यांच्या स्वयंपाकाचं, फार तर गॅसच्या शेगडीचं बोलतो. आजचा विषय वाचून काही जणी म्हणतील, "अगंबाई, हे काय भलतंच!" पण पिंपरीच्या संत तुकाराम नगरातून एका भगिनीचं पत्र आलं आहे. प्रश्न वरवर मोटारगाडीचा दिसतो, पण आहे तो घराचाच. त्या लिहितात :

"आमचे यजमान येत्या मार्चमध्ये कारखान्यातून निवृत्त होत आहेत. चौतीस वर्षं त्यांनी पाळ्या केल्या. धड दिवाळीची रजासुद्धा कधी मिळाली नाही. आता त्यांच्या मनात आहे, गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर घ्यायचं आणि भटकायचं. त्याला कॅरॅव्हॅन म्हणतात म्हणे. एक जुनी, चांगली मोठी बघूनही ठेवली आहे. ती ओढायला फोर-व्हील ड्राइव्हची गाडी घ्यायची आहे. विकणारा सांगतो, 'साहेब, फोर बाय फोर असली की डोंगरसुद्धा ओढेल.' फंडाचे निम्म्याहून जास्त पैसे यात जाणार. मी काही विचारलं की हे म्हणतात, 'तुला गाडीतलं काय कळतं?' खरंच कळत नाही. पण त्या गाडीतून घाट उतरणार आहोत आम्ही दोघं, सासूबाई आणि सुटीत येणारा नातू. मी नेमकं विचारू तरी काय?"

ताई, प्रथम एक सांगते. तुमच्या यजमानांच्या इच्छेत वावगं काहीच नाही. ज्या माणसाने चौतीस वर्षं भोंग्याच्या वेळा पाळल्या, त्याला आता घड्याळ काढून ठेवावंसं वाटलं तर त्याला वेडेपणा म्हणू नका. आणि दुसरं, तुम्हाला यातलं कळत नाही हे मला मुळीच मान्य नाही. या व्यवहारातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा ना विकणाऱ्याला ठाऊक असतो ना मेकॅनिकला. तो तुम्हालाच ठाऊक आहे. कसा, ते बघू.

आधी मागचं, मग पुढचं

आपल्याकडे कॅरॅव्हॅन म्हटलं की बहुधा एकच वाहन दिसतं. बस किंवा व्हॅनच्याच आत पलंग, ओटा, न्हाणी बसवलेली असते. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हा शब्द आपल्या कानावर पडू लागला. पण गाडीमागे आकड्याने जोडून ओढायचं, स्वतःचं इंजिन नसलेलं घर आपल्या रस्त्यांवर क्वचितच दिसतं. युरोप-ऑस्ट्रेलियात ते घरोघरी आहे. तिथे शेजारीपाजारी कुणीतरी चार अनुभवाच्या गोष्टी सांगणारा भेटतो. इथे तसा कुणी भेटत नाही, म्हणून विकणाऱ्याचा शब्द हाच वेदवाक्य ठरतो. सावध राहायचं ते इथेच.

बहुतेक लोक आधी गाडी पसंत करतात, मग तिच्यामागे काय जोडता येईल ते पाहतात. क्रम उलटा हवा. पातेलं केवढं चढवायचं ते आधी ठरवायचं, शेगडी नंतर. म्हणून पहिला प्रश्न गाडीचा नाहीच. मागचं घर भरल्यावर किती किलोचं होतं, हा पहिला प्रश्न.

भरलेलं घर किती किलोचं?

विकणारा जे वजन सांगतो ते रिकाम्या घराचं असतं. पण रिकामं घर घेऊन कोण सहलीला जातं? कागद-पेन्सिल घ्या आणि माझ्याबरोबर बेरीज करा.

पाण्याची टाकी १०० लिटरची असेल तर पाणी १०० किलो. घरगुती गॅस सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो असतो आणि रिकामी टाकीच पंधराएक किलोची, म्हणजे ३० किलो. दिवे-पंख्यांसाठी इन्व्हर्टर आणि त्याची मोठी बॅटरी, ६० किलो धरा. गाद्या, उश्या, चादरी ३०. भांडीकुंडी आणि शेगडी ३०. किराणा, पीठ, तांदूळ, लोणच्याची बरणी ३०. चार माणसांचे कपडे ४०. घडीच्या खुर्च्या, टेबल, ताडपत्री, हत्यारांची पेटी मिळून ४०.

झाले ३६० किलो! यात सासूबाईंची खास खुर्ची आणि नातवाची सायकल धरलेलीच नाही. रिकामं घर १४४० किलोचं असेल तर ते रस्त्यावर १८०० किलोचं होऊन निघतं. आता सांगा, ही यादी कोण करू शकतं? जी सामान भरते ती. मी मघाशी म्हटलं तो आकडा हाच, आणि तो तुमच्या हातात आहे.

ही झाली कागदावरची बेरीज. खरं वजन भुईकाट्यावर कळतं. भोसरी-चाकणकडे राहणाऱ्यांना भुईकाटे नवे नाहीत. ट्रक वजन करायला थांबतात तोच तो काटा. सौदा पक्का करण्याआधी ती कॅरॅव्हॅन काट्यावर न्यायला सांगा आणि पावती घ्या. विकणारा कां-कूं करू लागला तर तेही एक उत्तरच समजा. मग तिच्या पत्र्यावरच्या पाटीवर बनवणाऱ्याने कमाल भरलेलं वजन किती लिहिलं आहे ते वाचा. पावतीवरचं रिकामं वजन त्यातून वजा केलं की तुम्हाला किती सामान भरायची मुभा आहे ते कळतं. ती मुभा २०० किलोचीच निघाली आणि तुमची यादी ३६० ची असली, तर ती कॅरॅव्हॅन तुमच्यासाठी नाही. मग पुढे कितीही दांडगी गाडी जोडा, मागचे टायर आणि आस कंपनीने दिलेल्या वजनापलीकडचा भार घेणार नाहीत.

फोर-व्हील ड्राइव्ह म्हणजे ताकद नव्हे

आता त्या 'डोंगर ओढेल'कडे वळू. साध्या गाडीत इंजिनाचा जोर दोन चाकांना जातो, फोर-व्हील ड्राइव्हमध्ये चारी चाकांना. त्यामुळे चिखलात, वाळूत, ओल्या गवतावर चाक जागच्या जागी फिरत राहत नाही. याला पकड म्हणतात. निसरड्या अंगणात चौघीजणी हात धरून चालल्या तर पाय घसरत नाही, पण डोक्यावरची घागर काही हलकी होत नाही. तसंच हे. ओढण्याचं बळ येतं इंजिनापासून, गिअरपासून, गाडीच्या स्वतःच्या वजनापासून आणि चासीच्या मजबुतीपासून.

मग फोर-व्हील ड्राइव्ह निरुपयोगी का? तसंही नाही. पावसाळ्यात भंडारदऱ्याच्या एखाद्या शेतात मुक्काम केला, रात्रभर पाऊस पडला आणि सकाळी मऊ जमिनीतून १८०० किलो बाहेर काढायचे असले, की तिची किंमत कळते. कोकणातल्या वाळूच्या वाटेवरही तसंच. शिवाय बऱ्याच अशा गाड्यांना 'लो रेंज' नावाची दुसरी गिअरजोडी असते. तिच्यात वेग अगदी कमी होतो आणि ओढ वाढते. चढावर थांबलेली जोडगाडी क्लच न जाळता हलवायला ती उपयोगी पडते.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याकडच्या बहुतेक फोर बाय फोर गाड्यांमध्ये ही सोय हवी तेव्हा जोडायची आणि एरवी सोडवायची असते. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती जोडून ठेवायची नाही. वळणावर पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत. दोन्ही एकमेकांना बांधलेली असली की आतल्या दांड्यांना आणि दात्यांना पीळ बसतो. म्हणजे ज्या कोरड्या हमरस्त्यावर तुमच्या प्रवासाचे शंभरातले नव्वद किलोमीटर जाणार, तिथे ही गाडी दोनच चाकांवर चालणार. तिथे उपयोगी पडतं ते वजन आणि ब्रेक.

पुढची गाडी किती वजनाची हवी?

नवख्या माणसांसाठी इंग्लंडमध्ये एक सोपा हिशेब सांगतात. मागचं भरलेलं घर पुढच्या रिकाम्या गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जड नसावं. आपल्या १८०० किलोंना ०.८५ ने भागा. उत्तर येतं २१२० किलोंच्या आसपास. म्हणजे गाडी निदान एवढी तरी जड हवी. मागचं जड आणि पुढचं हलकं झालं तर मागचं घर पुढच्या गाडीला हलवू लागतं. शेपटीने कुत्र्याला हलवावं, तसं.

म्हणून नुसतं 'फोर बाय फोर आहे ना' एवढ्यावर समाधान मानू नका. भारतात २०२३ साली आलेली मारुतीची जिम्नी घ्या. चारी चाकं, लो रेंज, सगळं अस्सल. पण तिचं वजन जेमतेम १२०० किलो. डोंगरवाटेवर ती उत्तम, पण १८०० किलोंच्या घरापुढे ती जोडणं म्हणजे घोड्याच्या गाडीला करडू जुंपण्यासारखं. याउलट टोयोटाची हायलक्स २०२२ साली इथे आली, ती दोन टनांच्या घरातली. ऑस्ट्रेलियात तिच्या फोर बाय फोर गाडीला, मागच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर, ३५०० किलोपर्यंत ओढायची मुभा कंपनीच देते. पण थांबा. परदेशातला आकडा तसाच उचलून इथे लावायचा नाही. नाव तेच असलं तरी बनावट, टायर, थंड ठेवण्याची सोय यांत फरक असू शकतो. इथल्या गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत जे छापलं असेल तेच खरं.

नावावर विसंबू नये याचं उदाहरण तर तुमच्या घराशेजारीच आहे. पिंपरीच्या टाटांच्या सफारीने १९९८ साली नाव मिळवलं, तेव्हा ती फोर बाय फोरमध्येही मिळे. २०२१ साली त्याच नावाने जी नवी सफारी आली ती पुढच्या दोन चाकांवर चालणारी आहे. गाडी चांगली, पण हे काम निराळं. आकड्यावर मागून भार आला की गाडीचं नाक थोडं उचललं जातं आणि पुढच्या चाकांची पकड कमी होते. म्हणून जड ओढकामाला मागच्या चाकांना जोर देणारी, वेगळ्या दणकट चासीची गाडी बरी. तुमच्याच पट्ट्यातल्या आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची गुरखा किंवा चाकणला बनणारी महिंद्रांची स्कॉर्पिओ-एन, तिचा फोर बाय फोर प्रकार, या त्या जातीच्या. पण मी अमुकच घ्या असं सांगत नाही. कुठल्याही दुकानात गेलात तरी एकच मागणी करा : "या गाडीने ब्रेकवाला ट्रेलर किती किलोचा ओढायचा आणि गाडी, माणसं, ट्रेलर मिळून कमाल वजन किती, हे कंपनीच्या छापील कागदावर दाखवा." तोंडी 'आरामात ओढेल' नको. कागदावर आकडा नसेल, किंवा ट्रेलर जोडू नये असं लिहिलेलं असेल, तर नमस्कार करून उठायचं.

आणि हो, गाडीत बसणाऱ्यांचं वजनही या बेरजेत धरायचं. चार माणसं आणि डिकीतलं सामान मिळून साडेतीनशे-चारशे किलो सहज होतात.

चढापेक्षा उतार अवघड

पुरुषमंडळी ओढण्याच्या गोष्टी रंगवून करतात, थांबण्याच्या कुणी करत नाही. पण आपला मुलूख घाटांचा. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर आणि खाली खोपोली साठेक मीटरवर. म्हणजे बोरघाटात गाडी साडेपाचशे मीटर खाली येते. या उतरणीतली सगळी शक्ती कुठेतरी जिरावी लागते, आणि ती बरीचशी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जिरते.

किती उष्णता? आपल्या भाषेत सांगते. माणसांसकट अडीच टनांची गाडी एकटी उतरली तर चाळीस लिटर नळाचं पाणी उकळेल एवढी. मागे १८०० किलोंचं घर जोडलं की सत्तर लिटरच्या पुढे. म्हणजे मोठ्या साडेतीन बादल्या आंघोळीचं पाणी नुसतं कडत नाही, खळखळा उकळायचं! थोडी उष्णता वारा आणि इंजिन वाटून घेतात. पण सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं तर ब्रेक तापून धरेनासे होतात. मग पेडल दाबलं तरी गाडी ऐकत नाही.

याला उपाय दोन. पहिला म्हणजे मागच्या घराला स्वतःचे ब्रेक हवेतच. युरोपात ७५० किलोपेक्षा जड ट्रेलरला ते सक्तीचे आहेत. जोडणी तुटलीच तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लावणारी तारही असते. ती दोन्ही गोष्टी जागेवर आहेत आणि चालतात का, ते चालवून दाखवायला सांगा. जुन्या, बरेच दिवस उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनचे ब्रेक गंजून अडकलेले असू शकतात. दुसरा उपाय जुन्या ड्रायव्हर लोकांचा : घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं, ब्रेक अडीअडचणीला थंड राहतात.

हातगाडीवाल्याचं शहाणपण

भाजीची हातगाडी भरताना बघा. सगळे कांदे-बटाटे एका टोकाला कुणी रचत नाही. जुन्या बैलगाडीत ओझं मागे गेलं तर गाडी उलाळ होते, म्हणजे जू वर उचललं जातं. फार पुढे आलं तर बैलांच्या मानेवर भार येतो. कॅरॅव्हॅनचं अगदी तेच. मागे जड झाली तर वेगात डावी-उजवीकडे झुलू लागते आणि पुढची गाडी ओढून नेते. पुढे फार जड झाली तर गाडीची मागची बाजू दबते आणि स्टिअरिंग हलकं लागू लागतं.

आकड्यावर किती भार असावा? युरोपात भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के धरतात, ऑस्ट्रेलियात १० टक्क्यांच्या आसपास. युरोपाच्या हिशेबाने आपल्या १८०० किलोंना ९० ते १२६ किलो. मात्र आकड्यावर आणि गाडीच्या पुस्तिकेत जी मर्यादा लिहिली असेल तिच्या आतच राहायचं. हा भार मोजायला माणसांचं वजन करायचा घरातला काटा चालतो. कॅरॅव्हॅन सपाट जागी उभी करून तिच्या चाकांना मागून-पुढून अटकाव लावायचा, काट्यावर लाकडी फळी ठेवायची आणि जोडणीचं टोक लाकडाच्या ठोकळ्याने त्यावर टेकवायचं. काटा किती किलोपर्यंतचा आहे ते तेवढं आधी बघा.

जड सामान, म्हणजे पाणी, बॅटरी, धान्य, तळाशी आणि चाकांच्या आसाजवळ. वरच्या फडताळात फक्त चादरी आणि कपडे. सिलिंडर वारा खेळेल अशा बंदिस्त कप्प्यात घट्ट बांधून आणि चालत्या गाडीत रेग्युलेटर बंद करून. कॅरॅव्हॅन झुलू लागलीच तर जोरात ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग इकडेतिकडे फिरवायचं नाही. अॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. हे वाक्य सगळ्यांनी पाठ करावं, शेजारी बसणाऱ्यांनीसुद्धा.

उभी कुठे करणार?

संत तुकाराम नगरात, वायसीएम रुग्णालय आणि वल्लभनगरच्या एसटी स्थानकाच्या आसपासच्या गल्ल्यांत एक साधी गाडी वळवताना काय होतं ते तुम्ही रोज बघता. आता टेप घेऊन मोजा. गाडी पावणेपाच मीटर, कॅरॅव्हॅन आकड्यासकट साडेसहा-सात मीटर. दोन्ही जोडल्या की पीएमपीच्या मोठ्या बसएवढी लांबी. सोसायटीच्या फाटकातून ती वळेल का? सोसायटी उभी करू देईल का? नाही दिली तर महिन्याला भाडं भरून कुठे ठेवणार, आणि तिथे पावसाळ्यात तिच्यावर छप्पर कुणाचं? या प्रश्नांची उत्तरं लेखी मिळाल्याखेरीज इसारा देऊ नका.

कागदपत्रांचंही तसंच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रेलर हेही वाहनच आहे, म्हणून त्याचीही नोंदणी लागते. जुनी कॅरॅव्हॅन घेताना तिचं नोंदणीपुस्तक आहे का, त्यावर विकणाऱ्याचंच नाव आहे का, ते आधी बघा. गाडीच्या मूळ बनावटीत बदल करण्यावर याच कायद्याचं कलम ५२ बंधन घालतं. म्हणून मागे आकडा बसवण्यापूर्वी आपल्या आरटीओत जाऊन विचारायचं, परवान्याचंही तिथेच विचारायचं आणि विमा कंपनीला लेखी कळवायचं. नाहीतर वेळ आल्यावर विमा कंपनी हात वर करायला मोकळी.

जुन्या कॅरॅव्हॅनचे टायर नक्षी बघून घेऊ नका. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. न फिरताही रबर म्हातारं होतं.

आता पैशांचं

समजा, गाडी आणि कॅरॅव्हॅन मिळून २० लाख गेले. हेच पैसे ७ टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला १ लाख ४० हजार व्याज आलं असतं. सासूबाईंची औषधं, नातवाच्या सुट्या, सणवार सांभाळून वर्षात तुम्ही खरोखर किती दिवस बाहेर राहाल? पंचवीस? मग एका रात्रीचे ५६०० रुपये नुसत्या बुडालेल्या व्याजाचेच झाले. डिझेल, विमा, टायर, उभी करायचं भाडं अजून बाकीच आहे. वर्षातले चार-चार महिने फिरणार असाल तर हाच आकडा हजार-बाराशेवर येतो, आणि मग विचार करण्यासारखा ठरतो. म्हणून 'परवडतं का?' असं विचारण्यापेक्षा 'किती दिवस?' असं विचारा.

मला विचाराल तर पहिलं वर्ष विकत काही घेऊ नका. बसमध्येच बांधलेली कॅरॅव्हॅन भाड्याने मिळते. एकदा आठवडाभर जा. न्हाणी किती अरुंद असते, सासूबाईंना पायरी चढवते का, रात्री झोप लागते का, हे त्या आठवड्यात कळेल. तरीही ओढायचंच घर हवंसं वाटलं तर हलकं, घडीचं, ७५० किलोंच्या आतलं बघा. त्याला गाडीही लहान पुरते आणि फंडाला हातही कमी लागतो. जड कॅरॅव्हॅन आणि जड फोर बाय फोर ही जोडी वर्षाचा मोठा भाग रस्त्यावर काढणाऱ्यांसाठी आहे.

यजमानांशी बोलाल कसं?

'नको' या शब्दाने सुरुवात करू नका. 'आपण काट्यावर वजन करून येऊ' म्हणा. उभा जन्म ज्यांनी कारखान्यात मापं तपासून माल पास केला, त्यांना मापाची भाषा लगेच पटते. तुमची सामानाची यादी किलोंसकट त्यांच्यापुढे ठेवा. ती बघून ते 'तुला काय कळतं' म्हणणार नाहीत. म्हणतील, 'अगं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.'

आणि एक आग्रह माझा. गाडी घेण्याआधी तुम्ही स्वतः तिच्या स्टिअरिंगवर बसून बघा. येत नसेल तर शिका. लांबच्या वाटेवर यजमानांना ताप भरला, पाय मुरगळला, तर त्या बसएवढ्या जोडीला कडेला घेणारं दुसरं माणूस हवं. मागे घेताना ट्रेलर स्टिअरिंगच्या उलट बाजूला जातो. रविवारी मोकळ्या मैदानात दोघांनी चार तास सराव केला तर जमतं. तुम्हाला ती पेलत नाही असं वाटलं, तर ती गाडी तुमच्या घरासाठी मोठी आहे असं स्पष्ट सांगा. ज्या वाहनात सगळं घर बसणार, त्यात निर्णय एकट्याचा नसतो.

कापून ठेवा

दुकानात जाताना हा कागद पर्समध्ये असू द्या.

१. कॅरॅव्हॅनचं रिकामं वजन : भुईकाट्याची पावती.
२. तिच्या पाटीवरचं कमाल वजन आणि आपल्या सामानाची बेरीज.
३. गाडीचं रिकामं वजन : भरलेल्या कॅरॅव्हॅनला ०.८५ ने भागून येईल त्याहून जास्त.
४. कंपनीच्या छापील कागदावर ओढायचं वजन आणि एकूण कमाल वजन.
५. कॅरॅव्हॅनचे स्वतःचे ब्रेक आणि तुटल्यास ब्रेक लावणारी तार.
६. आकड्यावरच्या भाराची मर्यादा.
७. टायरवरचे चार आकडे.
८. नोंदणीपुस्तक, आरटीओ, विमा.
९. उभी करायची जागा : मोजून, लेखी.
१०. चारी चाकांचा प्रश्न सगळ्यात शेवटी. मुक्काम मातीत आणि वाळूत असेल तर हवीच, डांबरावरच असेल तर नसली तरी चालेल.

नऊ प्रश्नांची उत्तरं नीट आली तर दहाव्यासाठी खुशाल पैसे मोजा. त्यातलं एकही अडलं, तर फंडाचं पासबुक कपाटातच राहू द्या. आठ दिवस उशीर झाला म्हणून भटकंती काही पळून जात नाही.